राणीसाहेबांचा तळमजला

३ फेब्रुवारी

ढब्बू,

आशीर्वाद नेहमीचेच. ते आधी घे आणि खिशात टाक. काम आहे म्हणून लिहितेय, आत्याला अचानक मायेचा उमाळा आला असं समजू नकोस.

फोन का केला नाही, असं विचारशील. फोनवर तू काय बोलतोस ते मला कळत नाही, आणि मी काय ओरडते ते सगळ्या गल्लीला कळतं. जन्मभर लोकांच्या दातांत ड्रिल फिरवलं, त्याचं फळ माझ्या कानांना मिळालं. मोबाइलवरची अक्षरं तर मुंगीएवढी. तेव्हा कागदच बरा.

माझी माशांची टाकी तुला आठवत असेल. खाऱ्या पाण्याची, दवाखान्यात बाहेरच्या खोलीत होती ती. दात काढायला आलेली पोरं आणि पोरांहून जास्त घाबरलेले त्यांचे बाप तिच्यापुढे गप्प बसायचे. दवाखाना बंद केला, तळमजला विकला, पण टाकी वर घरात आणली. जुनी केशरी जोडी अजून ठणठणीत आहे. राणीसाहेब अंगाने दुप्पट, आणि त्यांचे नवरोबा त्यांच्या मागे मागे. त्या जातीत बाईचंच राज्य असतं. मला उगाच नाही आवडत ते मासे.

आता खरं दुखणं. खालचा मजला ज्यांनी घेतला ते घड्याळं दुरुस्त करतात. एकटेच असतात. मी त्यांना टिकटिकराव म्हणते, अर्थात तोंडावर नाही. एके काळी माझेच पेशंट, म्हणजे पेशंट होता होता राहिलेले. दाढ दुखतेय म्हणून यायचे, टाकीपुढे तासभर बसायचे आणि नंबर आला की गायब! त्यांच्या टेबलावर माझ्या टाकीचं पाणी दोनदा टपकलं. पहिल्यांदा टाकी भरता भरता मला डुलकी लागली. दुसऱ्यांदा काचेला लटकवलेला फिल्टर तुंबला. एवढी मोठी खोली, पण पाणी उतरतं ते नेमकं त्यांच्या टेबलावर. "गोडं पाणी असतं तर पुसून टाकलं असतं बाई," ते म्हणाले, "खारं पाणी घड्याळाच्या पोटात शिरलं की घड्याळ मेलं."

मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की मी शब्द देऊन बसले, तिसऱ्यांदा तुमच्या छतातून पाणी आलं तर टाकी घरातून जाईल. तू मला ओळखतोस. "अजिबात दुखणार नाही" हा एक सोडला तर मी आजवर कुठलाच शब्द मोडलेला नाही.

दुकानदार म्हणाला, संप लावा. मी म्हटलं, संप तर माझ्या फिल्टरनेच केलाय. मग त्याने समजावलं, की टाकीखालच्या कपाटात दुसरी टाकी ठेवायची आणि फिल्टर, हीटर, सगळी खटपट तिच्यात. सगळ्या शहराच्या पाण्याचे नकाशे तू काढतोस, मग आत्याच्या बादलीभर पाण्याचा काढ. तयार घेऊ की घरी बांधू?

हसू नकोस. टाकी गेली तर सकाळी उठून मी बोलू कोणाशी? मी बोललेलं त्यांना ऐकू येत नाही, ते बोललेलं मला ऐकू येत नाही, आमचं छान जमतं.

तुझी,
आत्या

१२ फेब्रुवारी

आत्या,

नमस्कार, वाकून. वाकताना पाठीत उसण भरली, म्हणजे नमस्कार खरा आहे हे लक्षात येईल.

पत्र आमच्या ऑफिसात वाचलं आणि साहेबांनाही दाखवलं. ते म्हणाले, नव्या वस्तीच्या जलवाहिनीपेक्षा हे प्रकरण अवघड दिसतंय. दुपारभर आम्ही दोघांनी दुसरं काही केलं नाही.

आता नीट वाच. वरच्या टाकीच्या काठाशी एक खाच असेल. पाणी तिथपर्यंत चढलं की आपोआप पाइपातून खालच्या टाकीत पडेल. खाली दोन काचा उभ्या लावून तीन खण करायचे. पहिल्यात गाळणी, मधल्यात पाण्यातली घाण फेस करून काढणारं यंत्र, तिसऱ्यात पंप. पंप ते पाणी दुसऱ्या पाइपाने परत वर पाठवेल. आणि हे पाठ कर: वीज गेली की पंप थांबतो आणि वरचं थोडं पाणी खाली उतरतं, उतरतंच. तेवढ्या पाण्याला खाली जागा कायम रिकामी हवी. नाहीतर ते फरशीवर येणार आणि फरशीवरून कुठे जाणार ते तुला ठाऊक आहे.

माझं मत विचारशील तर तयार संप विकत घे. या वयात काचा चिकटवत बसू नकोस. वर जाणारा पाइप मात्र मी इथे बनवून पाठवतो, वाकणासकट. तेवढं माझ्यावर सोड.

बायको म्हणते, आत्यांनी टाकीबिकीचा नाद सोडून इकडेच यावं. मी तिला म्हटलं, हे वाक्य पत्रात लिहू का? ती म्हणाली, लिहा. लिहिलं.

ढब्बू
(हल्ली वजन तुझ्याहून कमी आहे, तरी नाव बदलायला तू तयार नाहीस.)

२६ फेब्रुवारी

ढब्बू,

तयार संप आणला होता. कपाटाच्या दारातून आत जाईना. आडवा केला, उभा केला, तिरका केला. ते कपाट माझं जुनं हत्यारांचं, दार चिंचोळं. शेवटी दुकानदाराने तो परत नेला आणि जाताना माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच दार लहान केलं.

तेव्हा बांधला! काचवाल्याकडून काचा कापून आणल्या, कडा घासून घेतल्या आणि कपाटाच्या आतच बसून चिकटवल्या. अर्धी आत, अर्धी बाहेर. शेजारीण काही मागायला आली होती, ती माझे नुसते पाय बघून किंचाळली म्हणे. मला ऐकू आलं नाही, तिनेच नंतर हातवारे करून सांगितलं.

"या वयात काचा चिकटवू नकोस" असं लिहितोस? अरे, मी आयुष्यभर तोंडात बांधकाम केलंय. जिथे जीभ मधे मधे करते, लाळ गळते, आणि बांधकामाचा मालक "आ ऊ" करत असतो. इथे काच निमूट पडून राहते. जागा कोरडी हवी, बोट लागता कामा नये, आणि सिलिकॉन भरताना हात थांबता कामा नये. काचवाल्याने सांगितल्याप्रमाणे बुरशीचं औषध नसलेलंच सिलिकॉन घेतलं. घरभर व्हिनेगरचा वास होता. सुकायला पुरता आठवडा दिला, मग काठोकाठ भरून कागद पसरून ठेवला. कागद कोरडा! मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

आतल्या काचेवर पेन्सिलीने रेघ मारलीय. रोजचं पाणी रेघेखाली ठेवायचं, वरची जागा वीज गेल्यावरच्या पाण्यासाठी. बघ, पाठ केलंय.

तुझ्या बायकोला सांग, बोलावलंस यात सगळं आलं. पण माझे मासे प्रवास करत नाहीत आणि मीही आता त्यांच्यातलीच.

पाइप पाठव. वाट बघतेय.

आत्या

५ मार्च

आत्या,

पाइप आजच पार्सलने निघाला. तीनदा मापून एकदा कापलाय. तोंड टाकीत चांगलं खोलवर जाईल असं ठेवलंय, म्हणजे तळाचं पाणीही फिरेल आणि राणीसाहेबांना वारा लागल्यासारखं वाटेल. वाकण काचेच्या काठावर बसव आणि सोबत दिलेल्या पट्टीने आवळ. बाकी त्यात सांगण्यासारखं काही नाही.

तुझ्या टाळ्यांचं वाचून साहेबांनीही टाळ्या वाजवल्या. संप बांधणाऱ्या बाईंना आमच्याकडे नोकरी आहे का, असं त्यांनी मला विचारायला लावलंय.

ढब्बू

१३ मार्च

ढब्बू,

चालू झालं! पाणी वरून खाली पडतं, खालून वर जातं, आणि मधे कुठेही थांबून गप्पा मारत नाही. वरची टाकी आरशासारखी दिसते. आधी काचेला लटकवलेली सगळी जळमटं गेली, आता आत नुसते मासे. राणीसाहेब दिवसभर पाइपाच्या तोंडापुढे उभ्या असतात. नवरोबा प्रवाहात वाहून जातात, परत येतात, परत वाहून जातात. संसार म्हणजे दुसरं काय.

टिकटिकरावांना खास वर बोलावून दाखवलं. पार्सलचं खोकं त्यांना हवं होतं, घड्याळं झाकायला, तेही दिलं. ते टाकीपुढे उभे राहिले ते राहिलेच. काहीतरी बोललेही, पण तोंड टाकीकडे करून, त्यामुळे मला ओठ दिसले नाहीत. बहुधा शब्दाची आठवण करून देत असतील. माणूस वाईट नाही, पण चेहरा कायम दाढ दुखल्यासारखा. अजून काढलेली नसणार.

आता मी रात्री निवांत झोपते. तुझे उपकार फेडायचे तर तुझे सगळे दात फुकट काढून द्यायला हवेत.

आत्या

ता. क. तुझ्या पाइपाला कीड होती! वाकणाच्या खाली एक बारीक भोक, पंप लावला की त्यातून चिळकांडी उडून काचेवर डाग पडायचे. तीनदा मापून एकदा कापलेलं म्हणे! तुला वाईट वाटेल म्हणून आधी लिहिणार नव्हते. दात भरायचं सिमेंट थोडं उरलं होतं, त्याने भरून टाकलं आणि घासून असं गुळगुळीत केलं की जिभेलाही कळायचं नाही. दुसऱ्या कोणाला सांगणार नाही, ऑफिसात तुझी अब्रू जायची.

२० मार्च

आत्या,

ते भोक उघड! आत्ताच्या आत्ता, हे पत्र हातात असतानाच. सुई तापव, ड्रिल घे, काहीही कर.

ती कीड नाही, मी मुद्दाम पाडलेलं भोक आहे. पंप थांबला की पाइप उलटा ओढायला लागतो आणि वरचं पाणी खाली खेचतो. पाणी त्या भोकापर्यंत उतरलं की भोकातून हवा आत शिरते आणि ओढ तुटते. भोक बुजलं तर पाइपाचं तोंड उघडं पडेपर्यंत पाणी उतरत राहील, आणि ते तोंड मी शहाण्याने खोलवर ठेवलंय. मी ते सांगायला हवं होतं. आमच्याकडे हे सगळ्यांना माहीत असतं म्हणून लिहिलं नाही, आणि भोक दिसलं की भरायचं हा तुझा आयुष्यभराचा धंदा, हे मी विसरलो.

आज तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तू "आम्ही सगळे मजेत!" असं ओरडून फोन ठेवलास.

ढब्बू

२४ मार्च

ढब्बू,

तुझं पत्र आज आलं. वीज काल गेली.

दुपारची जेवून पेपर वाचत बसले होते. दिवा लावलेला नव्हता, त्यामुळे वीज गेल्याचं कळलंच नाही, आणि पंप थांबल्याचं माझ्या कानांना काय कळणार. पाय ओले झाले तेव्हा उठले. कपाटाच्या दारातून पाणी येत होतं आणि वरची टाकी अर्धी झाली होती. राणीसाहेब खाली कोपऱ्यात दगडाला चिकटून माझ्याकडे बघत होत्या. मी पाइप उपसून बाहेर काढला, चादरी टाकल्या, उशांचे अभ्रे टाकले, हाताला लागलं ते सगळं टाकलं.

मासे वाचले. पण टिकटिकराव वर आले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात बादली, खांद्यावर प्लॅस्टर पडलेलं. कानातलं यंत्र मी काढून ठेवलं होतं. ते खूप बोलत होते, हात करत होते. मी बोलूच दिलं नाही. म्हटलं, "शब्द म्हणजे शब्द. रविवारी दुकानदार येऊन टाकी घेऊन जाईल." आणि दार लावलं. माझा चेहरा कोणी बघावा असं मला वाटत नव्हतं.

तुला दोष देत नाही. भोक तू पाडलंस आणि मी भरलं, दोघांनीही काम उत्तम केलं. आता ते उघडलंय.

काल संध्याकाळी पाणी भरून ठेवलं, रविवारपर्यंत त्यांना तरी नीट राहू दे. राणीसाहेब परत पाइपापुढे येऊन उभ्या राहिल्या. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

तुझ्याकडची खोली अजून आहे का रे? उन्हाळा संपेपर्यंत येईन म्हणते. इथे सकाळी कोणासाठी उठायचं?

आत्या

२४ मार्च

महोदय,

आपली ओळख नाही. आपला पत्ता आपण पाठवलेल्या पाइपाच्या खोक्यावर होता, आणि ते खोकं माझ्या टेबलावर आहे. मी आपल्या आत्यांच्या खालच्या मजल्यावर घड्याळं दुरुस्त करतो. पत्र लिहायची सवय नाही. चूकभूल सांभाळून घ्यावी.

बाई टाकी देऊन टाकत आहेत. काल पाणी आलं तेव्हा मी वर गेलो, तो भांडायला गेलो असा त्यांचा समज झाला आहे. मी एवढंच विचारत होतो की राणीसाहेब ठीक आहेत ना. त्यांनी दार लावलं. नंतर मी चार वेळा वाजवलं. त्यांना ते ऐकू गेलं नसावं.

साहेब, त्या माशांना मी बाईंच्या आधीपासून नाही तरी बाईंइतकाच ओळखतो. दवाखान्यात मी दाढेसाठी येत असे आणि त्यांच्यासमोर बसत असे. बायको गेल्यानंतरच्या दिवसांत तर दाढ न दुखताही आलो आहे. बाईंना हे सांगू नये. तळमजला घेतला तेव्हा टाकीही खालीच राहील अशी माझी समजूत होती. ती वर गेली. मला बोलून दाखवता आलं नाही, आणि पाणी टपकलं तेव्हा मी जरा जास्तच रागावलो ते काही केवळ घड्याळांमुळे नाही.

आता मुद्दा. काल प्लॅस्टर पडल्यावर छतात एक गोल भोक निघालं. त्यातून वरच्या कपाटाच्या फळ्या दिसतात. विचार केल्यावर उलगडा झाला. दवाखान्याचा हवेचा कॉम्प्रेसर आवाज नको म्हणून वर ठेवलेला असे आणि त्याची नळी इथून खाली खुर्चीकडे येत असे. तिथेच विजेची जोडणी म्हणून बाईंनी वर टाकी ठेवली, आणि तिथेच दिव्याची जोडणी म्हणून मी खाली टेबल ठेवलं. पाणी नेमकं माझ्याच टेबलावर का येतं याचं मला फार दिवस नवल वाटत होतं.

पाणी खाली यायचंच म्हणत असेल तर ते नळीने येऊ दे. टेबल मी खिडकीशी हलवलं आहे. त्या जागी, वरच्या कपाटातल्या टाकीऐवजी, मोठी टाकी ठेवता येईल का? पंपाचा आवाज मला चालेल. माझ्या खोलीत तशीही शांतता नसते.

रविवारच्या आत कळवावं.

आपला,
खालच्या मजल्यावरचा

२७ मार्च

आत्या,

हे पत्र कुरिअरने पाठवतोय, म्हणजे ते रविवारच्या आत पोहोचेल. दुकानदाराला सांग, येऊ नको. त्याला दाराबाहेर उभा कर, पाणी पाज आणि परत पाठव.

तुझ्या खालच्यांचं मला पत्र आलंय. ते त्या दिवशी ओरडत नव्हते, राणीसाहेबांची चौकशी करत होते. बाकीचं त्यांच्याकडूनच ऐक, कानातलं यंत्र घालून.

आणि तुझा शब्द मी पुन्हा काढून वाचला. "छतातून पाणी आलं तर टाकी घरातून जाईल." जाऊ दे ना. खालची अर्धी टाकी, म्हणजे संप, तुझ्या घरातून जाईल आणि त्यांच्या घरात राहील! शब्दही राहिला, मासेही राहिले. मोठ्या शहरांच्या पाणीपुरवठ्यातही टाकी एकीकडे आणि पंप दुसरीकडे असतो. साहेबांनी नकाशावर सही केलीय, गंमत म्हणून.

शनिवारी मी स्वतः येतोय. जास्त उंच फेकणारा पंप, जाड पाइप आणि ड्रिल घेऊन. भोक मी पाडणार, आणि तू त्याच्याजवळ सिमेंट घेऊन फिरकायचं नाहीस.

इथली खोली खरंच रिकामी केली होती. पडदेही लावले होते. बायको थोडी हिरमुसली, पण म्हणाली, येऊन राहून तरी जा. तेवढं कर.

ढब्बू

९ मे

ढब्बू,

तू गेल्यापासून लिहीन लिहीन म्हणत होते, पण हल्ली मला वेळ नसतो.

पहिली बातमी. टिकटिकरावांची दाढ निघाली. मी नाही काढली, आता हात थरथरतो. ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे मी त्यांना घेऊन गेले आणि नंबर येईपर्यंत दाराशी खुर्ची टाकून बसले, म्हणजे गायब होता येऊ नये. तिथे माशांची टाकी नाही. "मग बघू कशाकडे?" असं ते विचारायला लागले. म्हटलं, माझ्याकडे बघा, माझंही तोंड उघडंच असतं.

दुसरी बातमी. त्यांनी खालच्या संपात दोन खेकडे आणि हिरव्या शेवाळाचा एक झुबका पाळलाय. म्हणे पाणी स्वच्छ राहतं. मला विचारलंसुद्धा नाही. मी खाली जाऊन रागावले आणि तासभर बघत बसले. रोज संध्याकाळी ते वर येऊन राणीसाहेबांना बघतात आणि मी खाली जाऊन खेकडे बघते. कधी कधी जिन्यातच गाठ पडते, मग कोणी कोणाकडे जायचं यावर वाद होतो.

आता मुख्य गोष्ट. काल भर दुपारी वीज गेली. मला अर्थातच कळलं नाही. मी टाकीची काच पुसत होते आणि दुसरा हात सहज तुझ्या पाइपावर होता. पाइपाची रोजची थरथर एकदम बंद झाली. पाणी उतरायला लागलं. मी भोकाकडे बघत राहिले. पाणी भोकापर्यंत आलं, भोकाने एक घोट हवा प्यायली आणि पाणी जागच्या जागी थांबलं. एवढंसं भोक रे! आणि मी त्याला कीड म्हणाले होते.

पण खाली काय झालं असेल? जिना उतरायला निघणार, तेवढ्यात पाइपावर ठेवलेल्या हाताला काहीतरी लागलं. टक. मग परत, टक टक. टिकटिकराव खालून त्यांच्या चिमट्याने पाइपावर वाजवत होते. पाणी काठाच्या खाली थांबलं, हे सांगत होते. मला हाक ऐकू येत नाही, दार वाजवलेलं ऐकू येत नाही, फोन तर नाहीच नाही. हे मात्र तळहातात स्वच्छ ऐकू आलं.

मी माशांच्या खाण्याचा चमचा उचलून उलट वाजवलं. त्यांनी परत वाजवलं. वीज यायला बराच वेळ लागला, आणि आम्ही दोघंही तेवढा वेळ वाजवत होतो. राणीसाहेबांना काही ते आवडलं नाही.

पावसाळ्याआधी चार दिवस तुमच्याकडे येते. पडदे काढू नका. मागे माशांना खायला घालायला आता माणूस आहे.

आत्या